हंगामाच्या अखेरीस मोठ्या तलावावर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी या व्याख्यानमालेसाठी आम्हांस पाचारण केले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा निराळी असावी. केंद्र सरकारच्या सेवेत ज्याचे केस पांढरे झाले, असा मनुष्य प्रशासनावर बोलेल, निवृत्तिवेतनाच्या नियमांवर बोलेल, फार तर बदलीच्या गावांतील आठवणी सांगेल, असे त्यांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. आम्ही विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘मासेमारी? पण साहेब, सभेत निम्मे लोक शाकाहारी आहेत.’’ आम्ही त्यांना आश्वासन दिले की, ताटातल्या माशाविषयी आम्ही शेवटी आणि थोडेच बोलू. पाण्यातल्या माशाविषयी ऐकावयास सोवळे आड येत नाही.

‘आम्ही’ हा शब्द येथे लेखकी थाटाचा नाही, हेही प्रारंभीच सांगितले पाहिजे. भोपाळला बदली होऊन आल्यानंतर आमच्या कचेरीतील तिघांची एक छोटी मंडळी जमली. त्यातले दोघे कोकणातले, एक वऱ्हाडातला. दर वर्षी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पंधरा तारखेपर्यंत, सुटीच्या दिवशी पहाटे, आम्ही मोठ्या तलावावर एका लहानशा नावेतून गळ टाकावयास जात असू. परवानगी मच्छीमारांकडून रीतसर घेतलेली असे आणि नाव त्यांच्यापैकीच एका वृद्ध गृहस्थाची. त्यांना आम्ही ‘चाचा’ म्हणत असू आणि ते आम्हां तिघांनाही सरसकट ‘साहब’ म्हणत. पुढे जे सांगणार आहोत, त्यातील बरेचसे ज्ञान त्यांचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना हा तलाव काठावरूनच ठाऊक आहे. व्ही. आय. पी. रस्त्यावरून कचेरीस जाताना डावीकडे किंवा उजवीकडे चकाकणारे पाणी, २०११ साली बुरुजावर उभा केलेला राजा भोजाचा पुतळा, संध्याकाळी बोट क्लबवर मुलांना घेऊन खाल्लेली भाजलेली कणसे, एवढा आपला आणि त्याचा परिचय. तलाव म्हणावा तो भोपाळचाच, बाकीची सारी डबकी, अशा अर्थाची म्हण आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवतो. परंपरा सांगते की, अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घालून हा तलाव निर्माण केला. भोजपूरचा त्याहून विशाल जलाशय मांडूच्या होशंगशहाने बांध फोडून नाहीसा केला, हा मात्र राहिला. पूर्ण भरतो तेव्हा त्याचे पाणी सुमारे ३६ चौरस किलोमीटरांवर पसरते आणि त्याला पाणी पुरविणारा प्रदेश ३६१ चौरस किलोमीटरांचा आहे. २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी तोच देतो, हे तर गृहिणींना आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

आपल्या लोकांचा या पाण्याशी संबंध मंडळाच्या स्थापनेपासूनचा नाही, बराच जुना आहे. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला येथेच कोंडले होते. पाठीशी तलाव आणि भोवती शहराचा कोट पाहून निजामाने जागा सुरक्षित मानली असावी. पण पाण्याने तहान भागते, फौजेची भूक भागत नाही. रसद तुटली आणि ७ जानेवारी १७३८ रोजी जवळच्या दोराहा सराई येथे त्याला तह करावा लागला. त्या तहाने नर्मदा आणि चंबळ यांमधला मुलूख मराठ्यांना मिळाला. पुढे १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजाही या शहराला वेढा घालून बसल्या होत्या आणि हात हलवीत परतल्या. एकदा नावेत आम्ही हा इतिहास चाचांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तो साहब, आप लोगों ने मछली पकड़ना अब शुरू किया?’’ असो.

आता मूळ विषयाकडे वळू. ‘हंगामाची अखेर’ म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंदीकाळ आहे. १९७२ च्या नियमांनी तो ठरविलेला आहे. या दोन महिन्यांत मासे पकडणे तर निषिद्ध आहेच, पण त्यांची वाहतूक आणि विक्रीही निषिद्ध आहे. नियम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नदीनाल्यांशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी यातून वगळली आहेत. म्हणजे तलावावरचे वर्ष पंधरा जूनला संपते, आणि त्याचा शेवटचा महिना सर्वांत कठीण, सर्वांत लाभाचा आणि सर्वांत नाजूक असतो. हे तिन्ही गुण एकाच वेळी कसे, ते सांगावयाचे आहे.

मे संपत आला की तलाव आक्रसतो. पश्चिमेकडे बिशनखेडी आणि गोरेगावच्या बाजूला जेथे हिवाळ्यात पाणी असते, तेथे भेगाळलेली माती आणि गुरे दिसू लागतात. २००९ च्या उन्हाळ्यात तर तलाव इतका आटला की, शहरातील नागरिकांनी हाती फावडी घेऊन श्रमदानाने गाळ काढला. पाणी कमी झाले म्हणजे मासे दाटीने राहतात. त्यामुळे पकडणे सोपे झाले असेल, असा आमचाही समज होता. तो चाचांनी पहिल्याच दिवशी दूर केला. उन्हाने वरचे पाणी तापते आणि दिवस वर आला की मासा खोल, थंड थरात उतरून बसतो. तेथे तो खात नाही आणि हालतही नाही. रात्री पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट पाण्यातला प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. मग मासे पृष्ठभागाजवळ येऊन हळूहळू फिरतात आणि तोंड उघडतात, पण भुकेने नव्हे, घुसमटीने. खाण्याची वेळ त्यानंतरची. सूर्य उगवून अर्धा तास झाला, वाऱ्याची पहिली झुळूक पाण्यावर आली की तेथून पुढे तासभर. दिवसभरातला हा एवढाच काळ गळवाल्याचा. बाकीचा वेळ गप्पांचा आणि डब्यातल्या पोळ्यांचा.

चाचांची नाव दहा-बारा हात लांब, सपाट बुडाची, डांबर फासलेली. तीत तीन माणसे आणि नावाडी एवढेच बसावेत असा त्यांचा दंडक होता, चौथ्याला त्यांनी कधीही घेतले नाही. वल्ही दोन आणि पाणी उपसावयास तेलाचा कापलेला डबा. मध्यभागी त्यांचे जाळे घडी करून ठेवलेले असे. हे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. वरच्या दोरीला जुन्या रबरी चपलांचे कापलेले तुकडे बांधलेले, ते तरंगतात. खालच्या दोरीला वजने. संध्याकाळी ते लावावयाचे आणि पहाटे ओढावयाचे. मासा अंधारात त्यात शिरतो, डोके आसातून पलीकडे जाते, अंग जात नाही आणि मागे सरू लागताच कल्ले अडकतात. म्हणून कोणता मासा मिळणार, हे जाळ्याच्या आसावर ठरते. बारीक आसाच्या जाळ्याला वर्षभराची पिल्लेही सापडतात. चाचांच्या जाळ्याच्या आसात आमचा पंजा सहज जाई. शेजारच्या एका नावेतले जाळे त्यांनी आम्हांस लांबून दाखविले, त्याच्याकडे तोंड करून थुंकले आणि काही बोलले नाहीत.

गळाची विद्या निराळी. मासे सगळे सारखे नसतात, हे बाजारात कळत नाही, पाण्यावर कळते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरातले खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे आणि तोंड किंचित खाली, तो मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी असतो. तेव्हा गळ किती खोल सोडावा, हा प्रश्न खरे तर कोणाच्या घरी जावयाचे, असा आहे. रोहूसाठी आम्ही कणीक आणि भाजलेल्या चण्याचे पीठ गुळाच्या पाण्यात मळून सुपारीएवढ्या गोळ्या करीत असू. वऱ्हाडातले आमचे मित्र त्यात चिमूटभर बडीशेप घालीत. रोहूला वास आवडतो, असे त्यांचे म्हणणे होते. रोहूने त्याविषयी आपले मत कधी स्पष्ट केले नाही. मरळ, पढिन किंवा सिंघाडा हे मासे मांसाहारी, त्यांना लहान मासा किंवा गांडूळ लागते. सिंघाड्यावरून एक गंमत झाली. एका चतुर्थीला आमच्यापैकी एकाच्या घरून निरोप आला की, येताना शिंगाडे आणावेत. या तलावात शिंगाड्याचे वेलही लावले जातात, हे चाचांना ठाऊक होते. पण त्यांना माशाचाच शब्द अधिक जवळचा. त्यांनी मोठ्या प्रेमाने दोन सेरांचा मिशाळ सिंघाडा पिशवीत घालून दिला. त्या घरच्या उपासाचे काय झाले, ते आम्ही विचारले नाही.

मरळीची गोष्ट मात्र सविस्तर सांगावयाची आहे. या माशाला इकडे सांवल म्हणतात. त्याला कल्ल्यांबरोबर हवेत श्वास घेण्याचीही सोय निसर्गाने दिलेली आहे. किंबहुना अधूनमधून वर येऊन हवा घेतली नाही, तर तो पाण्यात गुदमरतो. म्हणूनच तो शिकाऱ्याच्या हाती लागतो, कारण वर येताना तो पाण्यावर एक गोल उमटवून जातो. दुसरी त्याची ख्याती म्हणजे तो अपत्यवत्सल आहे. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. मरळीचे जोडपे पाणवनस्पतींत जागा करते, अंड्यांवर पहारा देते आणि पिल्ले पोहू लागली तरी कित्येक दिवस त्यांच्या खाली फिरत राहते.

जूनचा पहिला आठवडा होता. आम्ही तकिया टापूच्या पलीकडे, दर्ग्याचा घुमट मागे टाकून, वेलींच्या कडेला थांबलो होतो. पाण्यावर परातीएवढा एक भाग उकळल्यासारखा दिसू लागला. वारा नव्हता. पाहतो तो शेकडो पिल्ले, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, एकत्र वर येत, हवा घेत आणि पुन्हा खाली जात. तो पुंजका हळूहळू पुढे सरकत होता. त्याच्या खाली, हातभर खोलीवर, दोन काळसर लांबट सावल्या होत्या. एक चांगली चार-पाच सेरांची असेल. आमच्यापैकी एकाने काठी उचलली. अशा वेळी पुंजक्याच्या जवळ काहीही टाकले, तरी आईबाप त्यावर झडप घालतात. ते भुकेपोटी नव्हे, पिल्लांच्या जवळ कोणी आले म्हणून. मासा हमखास मिळतो. चाचांनी वल्हे आडवे करून ती काठी खाली दाबली. आवाज चढविला नाही. ‘‘नहीं साहब, बच्चेवाली है।’’ एवढेच म्हणाले.

आमच्या मित्रांनी वाद घातला. सरकारी मनुष्यास शोभेल असा त्यांचा मुद्दा होता. बंदी सोळा तारखेपासून आहे, आज सात. चाचांनी दिलेले उत्तर आम्हांस अजून आठवते. मरळीला तारीख कोणी सांगितली आहे, असे त्यांनी विचारले. हे दोन गेले, तर संध्याकाळपर्यंत पाणकावळे आणि इतर मासे मिळून या शेकड्यांतील एकही ठेवणार नाहीत. आज दोन मासे मिळतील आणि दोन वर्षांनी येथे काहीच मिळणार नाही. आम्ही अर्धा तास तेथे थांबलो. पुंजका वेलींच्या आत गेला. त्या दिवशी आमच्या हाती काही लागले नाही आणि परतताना नावेत फारसे कोणी बोलत नव्हते.

नियम आणि निसर्ग यांच्या तारखांतले हे अंतर आम्हांस त्या दिवसापासून डाचत राहिले. नियमाला एक दिवस धरावाच लागतो, हे नोकरीत आयुष्य गेलेल्यास सांगावयास नको. पण माशांच्या पोटातील अंडी पंधरा जूनच्या बऱ्याच आधीपासून भरू लागतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाच्या पुराचे वाहते पाणी हवे असते. तोवर ती मादी अंडी पोटात वागवीत थांबते, एकेका मोठ्या रोहूच्या पोटात लाखोंनी. मेच्या अखेरीस पकडलेली अशी मादी म्हणजे एक मासा नव्हे, हे कोणालाही कळावे. पण मंडळींनो, आपल्याकडे हीच तर मेजवानी! गाबोळी म्हटले की, कोकणी माणसाच्या तोंडाला पाणी सुटते, आमच्याही सुटते. बाजारात विक्रेता पोट दाबून दाखवितो आणि भरलेल्या पोटाच्या माशाला चार पैसे जास्त मिळतात. तेव्हा हंगामाच्या अखेरीस जाळे टाकणाऱ्यास दोष देण्यापूर्वी पिशवी घेऊन उभे असणारे आपण आहोत, हेही पाहिले पाहिजे. आम्हां तिघांच्या घरी त्या वर्षापासून मे-जूनमध्ये गाबोळी येत नाही. त्यावरून घरात थोडे रुसवेफुगवे झाले, ते मिटले.

येथे कोणी म्हणेल की, आता मत्स्यबीज सरकारी केंद्रांत तयार होते आणि तलावात सोडले जाते, मग एवढी चिंता कशाला? प्रश्न रास्त आहे. पूर्वी कटला-रोहूचे बीज नद्यांच्या पुरातून गाळून घ्यावे लागे आणि त्यात नको ते मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतील पियूष ग्रंथीचा अर्क टोचून बांधीव पाण्यात या माशांचे प्रजनन घडवून आणले. देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीचा पाया तेथे घातला गेला. म्हणूनच १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो. हा शोध मोठा आहे. पण सोडलेले बीज म्हणजे मुख्यत्वे हे तीन मासे. मरळ, पढिन, सिंघाडा आणि ज्यांना बाजारात नावही नाही असे लहानसहान मासे यांचा वंश तलावानेच चालवावयाचा असतो. शिवाय ज्या तलावाचे पाणी आपण पितो, त्यात हे सारे काही ना काही काम करीत असतात.

आता त्या दोन महिन्यांचे काय? जाळे वाळत पडले, तर चूल कशी पेटते? हा प्रश्न आम्ही चाचांना विचारावयास कचरत होतो, पण एकदा त्यांनी आपणच सांगितले. धाकटा मुलगा रंगकामाला जातो, सून घरी विड्या वळते आणि ते स्वतः जाळी विणतात, दुरुस्त करतात. केंद्राच्या योजनांत बंदीकाळासाठी बचत आणि साहाय्य अशी तरतूद फार पूर्वीपासून आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराने स्वतःचे दीड हजार भरावयाचे आणि शासनाने तीन हजार घालावयाचे, असे ठरले. आम्ही कचेरीत बसून अशा रकमा पाहतो, तेव्हा त्या पुरेशा वाटतात. नावेत बसून पाहिल्या, तर हिशेब निराळा होतो. चाचा त्याविषयी तक्रार करीत नसत. त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. बंदीच्या काळात जे चोरून जाळे टाकतात, त्यांच्या माशाला गिऱ्हाईक असते आणि ते गिऱ्हाईक चांगल्या घरचे असते.

आपल्या किनाऱ्यावर हीच शिस्त निराळ्या रूपाने आहे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रबंदी असते. कायदा येण्यापूर्वीही कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नसत. श्रावणात मासे वर्ज्य मानणाऱ्या आमच्या आजीला प्रजननाचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण तिच्या घरची चूल ते पाळीत होती. चाचांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी नारळाची चौकशी फार बारकाईने केली. सोन्याचा मुलामा खरोखर लावतात का, हे त्यांना पुन्हा पुन्हा विचारावेसे वाटले.

आणखी एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. लहान नाव आणि जूनचा वारा. एका वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळचे नऊ वाजले असतील. जाळ्याचा निम्मा भाग ओढून झाला होता. आकाश स्वच्छ होते, ऊन तापलेले. चाचांचे हात एकाएकी थांबले. आम्हांस काही दिसले नाही. नंतर ध्यानात आले की, घारी दिसेनाशा झाल्या होत्या आणि बैरागढच्या बाजूचा काठ मातकट झाला होता. चाचांनी जाळ्याची दोरी कोयत्याने तोडली. जवळजवळ पन्नास हात जाळे पाण्यात राहिले. गरीब मनुष्याने आपली पुंजी अशी सोडून देताना आम्ही दुसऱ्यांदा कोणाला पाहिलेले नाही. ‘‘नीचे बैठो साहब, तले में बैठो,’’ एवढेच ते म्हणाले. फळीवर नव्हे, बुडावर. माणूस जितका उंच, तितकी नाव उलटण्यास सोपी. उभा राहिला, तर सर्वांनाच घेऊन जातो.

वारा आला, तो पश्चिमेकडून, तलावाच्या लांबीवरून. दहा मिनिटांपूर्वी आरशासारख्या असलेल्या पाण्यावर हातभर उंचीच्या आखूड, उभ्या लाटा उठल्या. समुद्राची लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. तलावाची लाट आखूड, ती नावेला श्वास घेऊ देत नाही. चाचांनी घाटाकडे नाव वळविली नाही. तसे केले असते, तर लाटा कडेवर आल्या असत्या. त्यांनी नाकाड वाऱ्याकडे धरले, टापूच्या आडोशाला तिरके नेले आणि आम्ही तिघे आळीपाळीने डब्याने पाणी उपसत होतो. टापूवर पोहोचल्यावर पावसाचे चार टपोरे थेंब पडले आणि सारे थांबले. जाळ्याचा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी सापडला, उरलेला नाही. आम्ही त्याची भरपाई देऊ केली. बरीच बोलाचाली होऊन त्यांनी फक्त सुताची किंमत घेतली, विणकामाची घेतली नाही. त्यानंतर आम्ही तीन जीवरक्षक जॅकेटे विकत घेतली आणि चौथे चाचांसाठी. ते त्यांनी पुष्कळ दिवस उशाखाली ठेवले होते. नातवाने हट्ट धरल्यावर घालू लागले.

हे सांगण्याचे कारण केवळ वारा नव्हे. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाच्या वेळी, आपल्याच शहरात छोट्या तलावावर खटलापुरा घाटाजवळ नावा उलटल्या आणि अकरा तरुण बुडाले. मूर्ती मोठी, नावा लहान, माणसे जास्त आणि अंगावर जॅकेट कोणाच्याही नव्हते. विसर्जन हा आपल्या मंडळाच्याही वर्षातला मोठा दिवस. चाचांनी त्या दिवसानंतर आम्हांस विचारले होते की, तुमच्या मंडळाची मूर्ती किती उंच असते. आम्ही हाताने दाखविले. ‘‘इतनी तो किनारे से भी हो जाएगी,’’ असे ते म्हणाले. पुढच्या वर्षीपासून आपल्या मंडळाने मूर्ती दीड हातांची ठेवली आणि घाटाच्या पायरीवरून विसर्जन केले. त्या ठरावाच्या सभेत बराच वाद झाला होता. ठराव मांडणारे आम्हीच, हे आता सांगावयास हरकत नाही.

ताटाविषयी दोन शब्द बोलण्याचे वचन दिले आहे. समुद्रकाठच्या माणसाला गोड्या पाण्याचा मासा मातकट लागतो आणि तो नाक मुरडतो. हा नाकाचा अहंकार नाही. तळ्यांतील निळ्याहिरव्या शेवाळातून एक द्रव्य पाण्यात येते, तेच पहिल्या पावसानंतर मातीला सुगंध देणाऱ्या द्रव्यांपैकी एक. ते माशाच्या मांसात शिरते आणि उन्हाळ्यात पाणी कमी असताना हा वास अधिक जाणवतो. आंबटाने तो कमी होतो. आमच्या सौभाग्यवतींनी भोपाळात पहिल्याच वर्षी याचा शोध लावला. हळद-मीठ लावून, आमसुलाच्या दाट आगळात अर्धा तास ठेवलेला रोहू पाटावर बसलेल्या मालवणी पाहुण्यानेही मुकाट्याने खाल्ला. चिंचेनेही होते, पण गावाहून आलेल्या आमसुलांची गोष्ट वेगळी. चाचांकडे आम्ही एक पुडी नेली होती. त्यांच्या घरी ती औषध म्हणून ठेवली आहे.

पंधरा जूनच्या संध्याकाळी जाळी गुंडाळली जातात, नावा ओढून काठावर पालथ्या घातल्या जातात आणि त्यांना डांबर लागते. त्या वासात शीतलदासच्या बगियापाशी एखादा तास उभे राहण्याची आम्हांस सवय झाली आहे. चाचा आता थकले आहेत, वल्हे त्यांच्या थोरल्या मुलाच्या हाती गेले आहे. तो माणसे तीनच घेतो. यंदा सोळा ऑगस्टला पहाटे पाच वाजता पहिली नाव निघेल. ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. जॅकेटे चार आहेत, डबा ज्याने त्याने आणावा. गळ न टाकता नुसते बसणाऱ्या शाकाहारी मंडळींना पहिला मान.